वॉटरजेटचा एक तास कितीला पडतो: भोसरीतल्या शेडमधला हिशेब

वॉटरजेट म्हणजे प्रचंड दाबाच्या पाण्याच्या धारेत गार्नेट ही कठीण वाळू मिसळून धातू, दगड, काच कापणारं मशीन. ते घेतलेल्या प्रत्येक शेडमध्ये एक आकडा तोंडपाठ असतो: तासाचा रेट. हा आकडा बहुतेक वेळा मशीन विकणाऱ्याच्या कोष्टकातून आलेला असतो किंवा शेजारच्या गाळ्यातल्या जॉबवर्कवाल्याकडून ऐकलेला असतो. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात तो तसाच्या तसा वापरला की महिनाअखेरीस काम भरपूर झालेलं दिसतं आणि हातात काही उरत नाही. तो आकडा स्वतःच्या मशीनवर कसा बसवायचा, ते इथे क्रमाने लिहितो. मशीन अगदी नेहमीचं धरलं आहे: ५० एचपीचा इंटेन्सिफायर पंप (तेलाच्या दाबाने पाण्याचा दाब अनेक पट वाढवणारा), ४,१०० बार म्हणजे ६०,००० पीएसआय दाब, ०.३५ मिमीचा ऑरिफिस (पाण्याची धार जिथून सुटते ते माणिकातलं किंवा हिऱ्यातलं बारीक भोक), १.०२ मिमीचं नोझल (त्याखालची नळी, जिच्यातून गार्नेट मिसळलेली धार बाहेर पडते). पाणी, गार्नेट, विजेची युनिट यांची प्रमाणं अशा मशीनची नेहमीची आहेत. रुपयांचे दर मात्र हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. तिथे आपापल्या बिलातला दर घालावा.

सुरुवात पैशापासून नाही, घड्याळापासून करायची. वॉटरजेटवर तीन वेगळे तास असतात. ऑपरेटर हजर असतो तो शिफ्टचा तास, पंप चालू असतो तो पंपाचा तास, आणि नोझलमधून खरोखर धार बाहेर पडते तो जेटचा तास. पंपाच्या अवर मीटरवर बऱ्याचदा मोटर चालू असल्याचे तास दिसतात आणि लोक त्यालाच कटिंगचे तास समजतात. ऑन-ऑफ व्हॉल्व्हच्या सिग्नलवर एक वेगळा, साधा अवर मीटर बसवला की हा गोंधळ मिटतो. कंट्रोलरमध्येच जेटचे तास मिळत असतील तर तेवढंही लागत नाही. प्लेट चढवणं, शून्य घेणं, प्रोग्रॅम लावणं, पार्ट उचलणं, स्लॅटमध्ये (पाण्याच्या टाकीवरच्या, प्लेट पेलणाऱ्या पट्ट्यांमध्ये) पडलेला तुकडा शोधणं, हे सगळं धरून ८ तासांच्या शिफ्टमध्ये जेट ५ तास चालला तर ती चांगली शिफ्ट. एकेक पार्टची फुटकळ कामं असतील तर साडेतीनवरही येतो. पुढचा सगळा खर्च जेटच्या तासावर मांडायचा.

यानंतर गार्नेट. कंट्रोलरच्या पडद्यावरच्या ग्रॅमच्या आकड्यावर विसंबू नका. जेट बंद ठेवून फीड ट्यूब कटिंग हेडपासून सोडवा, मीटरिंग डिस्कमधून (गार्नेट मोजून सोडणाऱ्या चकतीतून) येणारं गार्नेट बरोबर एक मिनिट बादलीत धरा आणि तोला. असं तीनदा करून सरासरी घ्या. या नोझलला ३५० ग्रॅम प्रतिमिनिट हा मधला, व्यवहारी आकडा आहे. म्हणजे तासाला २१ किलो. २५ किलोची गोणी सव्वा तासाच्या आत संपते. पोहोच दर किलोला २२ रुपये धरला तर तासाला ४६२ रुपये झाले.

इथे दर कमी मिळाला म्हणून लगेच माल बदलू नये. ८० मेशच्या (हा दाण्याच्या आकाराचा क्रमांक) नावाखाली येणाऱ्या गोणीत दोन दोष असतात: बारीक धूळ आणि जाड दाणा. धूळ कापत नाही, नुसती वजनात मोजली जाते आणि फीड ट्यूबच्या भिंतीला चिकटते. जाड दाणा मिक्सिंग चेंबरमधून नोझलमध्ये शिरताना अडकतो आणि एका क्षणात चोकअप होतं. नवीन लॉट आला की काचेच्या बरणीत मूठभर गार्नेट पाण्यात हलवून ठेवायचं. पाणी बराच वेळ गढूळ राहिलं तर धूळ जास्त आहे. जाड दाण्यासाठी चाळणी लावायची. आपल्याकडचं बरंच गार्नेट पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूतून येतं. लाटांनी घासल्यामुळे त्याच्या कडा थोड्या गोल असतात. खडक फोडून काढलेलं गार्नेट जास्त धारदार असतं, ते वेगाने कापतं पण नोझलही लवकर खातं. दोन्हीची तुलना किलोच्या दरावर करता येत नाही. एकाच प्लेटवर दोन्हींनी एकाच दर्जाची कड किती वेगाने मिळते, तेच बघावं लागतं.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. जून ते सप्टेंबर गोण्या जमिनीवर ठेवल्या की खालच्या थरात ओल धरते आणि हॉपरमध्ये गुठळ्या होतात. लाकडी पॅलेट, वर ताडपत्री आणि हॉपरला येणाऱ्या हवेच्या लाइनवर पाणी गाळणारा ड्रायर, एवढी तजवीज केली की पुरते. चोकअपचं दुसरं मोठं कारण धार बंद होण्याच्या क्षणात असतं. नोझलचं टोक पाण्याखाली असताना गार्नेट आणि पाणी एकदम बंद झालं तर पाणी मागे चढून फीड ट्यूब ओली करतं, आणि पुढच्या दाण्यांचा तिथे लगदा होतो. म्हणून गार्नेट आधी बंद, पाणी सेकंदभर नंतर, असा अवधी प्रोग्रॅममध्ये ठेवायचाच.

आता वीज. हीच बाब आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित राहते, कारण अमेरिकेतली कोष्टकं वाचून सगळ्यांच्या मनात बसलेलं असतं की चालवण्याच्या खर्चात गार्नेट एकटंच निम्म्याहून जास्त. तिथे वीज औद्योगिक ग्राहकाला स्वस्त पडते आणि गार्नेट महाग. पुण्यात हे प्रमाण तसं राहत नाही. ३७ किलोवॅटची मोटर पूर्ण भारावर वायरीतून सुमारे ४० किलोवॅट ओढते. चिलर, बूस्टर पंप, सर्व्हो आणि कॉम्प्रेसरचा वाटा धरला की जेटच्या तासाला ४६ युनिट होतात. डिमांड चार्ज, इंधन अधिभार, शुल्क असं सगळं धरून युनिट १० रुपयांना पडलं तर ४६० रुपये. म्हणजे गार्नेटच्या बरोबरीला वीज येऊन बसली. विक्रेत्याच्या कोष्टकात ती किरकोळ वाटते, म्हणूनच ते कोष्टक इथे चालत नाही.

हा आकडा पडताळून बघता येतो. ४,१०० बार दाबाने मिनिटाला ३.८ लिटर पाणी सोडायला धारेतच सुमारे २६ किलोवॅट शक्ती लागते. मोटरच्या ३७ किलोवॅटपैकी उरलेले ११ हायड्रॉलिक तेल तापवण्यात जातात. थेट क्रँकशाफ्टवर चालणाऱ्या पंपात ही गळती बरीच कमी असते, पण त्याचा दाब सहसा खालच्या पातळीवर ठेवतात आणि सील, व्हॉल्व्हचं काम जास्त वेळा निघतं. मशीन घेताना ज्याने विजेचा हिशेब केला नाही, त्याला हा फरक दिसतच नाही.

महावितरण मोठ्या औद्योगिक जोडण्यांचं बिल केव्हीएएचवर करतं, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या युनिटवर नाही, लाइनमधून ओढलेल्या एकूण विजेवर. त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) घसरला की तीच धार महाग पडते. पंप नुसता चालू ठेवून प्लेट बदलत बसलं की मोटर हलक्या भारावर चालते आणि पॉवर फॅक्टर तेव्हाच सगळ्यात खराब असतो. सब-मीटर मुख्य पॅनलवर न लावता मशीनच्या फीडरवर लावा, म्हणजे चालू धार आणि रिकामा पंप यांची युनिट वेगळी वाचता येतात. रिकामा पंप आणि सोबतची उपकरणं मिळून तासाला १४ युनिट धरा. शिफ्टमधले २ तास पंप असा चालू राहिला तर २८० रुपये गेले. ते ५ जेट-तासांवर वाटले तर तासाला ५६ रुपये होतात. चार-पाच मिनिटांपेक्षा मोठा खंड असेल तर पंप बंद करणं परवडतं. पण प्रत्येक प्लेटला बंद-चालू करू नका. दाब शून्यावर नेऊन पुन्हा चढवला की सील, ट्यूब आणि सिलिंडर यांच्यावर थकव्याचा एक फेरा पडतो. दिवसाच्या कोणत्या तासांना सूट आहे आणि कोणत्या तासांना अधिभार, हे चालू दरपत्रकात बघून लांबलचक कटिंगची कामं त्याप्रमाणे लावावीत. पिंपरी-चिंचवड भागात गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते आणि महावितरणची देखभालही बऱ्याचदा त्याच दिवशी निघते. म्हणून सील किट, स्लॅट आणि टाकी उपसणं ही कामं गुरुवारला बांधून टाकलेली बरी.

झिजणाऱ्या भागांपैकी नोझल सगळ्यात जास्त शिकवतं. ८,००० रुपयांचं नोझल ८० तास चाललं तर तासाला १०० रुपये. अनेक शेडमध्ये ते १०० तास ओढतात आणि तासाला २० रुपये वाचले असं मानतात. प्रत्यक्षात १.०२ मिमीचं भोक १.२ मिमीपर्यंत वाढलं की धार पसरते आणि त्याच दर्जाच्या कडेसाठी वेग सुमारे १० टक्क्यांनी उतरवावा लागतो. तासाचा एकूण खर्च पुढे १,७६६ रुपये निघतो, त्याचे १० टक्के म्हणजे १७७. वीस रुपयांसाठी एवढे जातात. शिवाय कर्फ (कापाची रुंदी) वाढल्यामुळे मापं बिघडतात, हे वेगळंच. पिन गेजने (ठरावीक जाडीच्या पिनांनी) रोज सकाळी भोक तपासा, वहीत लिहा आणि प्रोग्रॅममधली कर्फची ऑफसेट (भरपाई) त्याप्रमाणे बदला. नोझल रोज पाव फेरा फिरवून बसवलं की झीज एका बाजूला न होता गोल राहते. पाव फेरा देऊनही भोक अंडाकृती होत असेल तर दोष नोझलचा नाही. ऑरिफिस तिरका बसला आहे किंवा त्याची कड उडाली आहे.

ऑरिफिस बघायची पद्धत सोपी: गार्नेट बंद, दाब कमी, नोझल काढून नुसती पाण्याची धार सोडायची. चांगल्या ऑरिफिसची धार काही सेंटिमीटर तरी काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत आणि सरळ दिसते. सुरुवातीपासूनच केसाळ, फुटलेली दिसली तर दगड गेला. माणिकाचा ऑरिफिस ४० ते १०० तास टिकतो, हिऱ्याचा नीट पाण्यावर ८०० तासांच्या वरही जातो. ३०,००० रुपयांचा हिरा आम्ही ६०० तासांवरच मांडतो, तासाला ५० रुपये. हिऱ्याचा अकाली शेवट झिजून क्वचितच होतो, बहुधा कचऱ्याने होतो. नवीन हाय प्रेशर ट्यूब जोडली की कोन (निमुळतं टोक) आणि चुडीवरचे (आट्यांवरचे) धातूचे कण आत राहतात. ऑरिफिस न लावता लाइन भरपूर पाण्याने धुवून काढल्याशिवाय हिरा बसवू नये.

यानंतर पंपाचं पोट. हाय प्रेशर सीलचा संच २०,००० रुपयांना आणि ५०० तास, म्हणजे तासाला ४०. चेक व्हॉल्व्ह, ऑन-ऑफ व्हॉल्व्हची नीडल आणि सीट, स्विव्हल, ट्यूब यांचे मिळून ६०. प्लंजर, सिलिंडर, अटेन्युएटर (दाबातले झटके शोषणारं भांडं) हे भाग हजारो तासांनी जातात, पण जातात तेव्हा एकदम मोठी रक्कम मागतात, म्हणून त्यांच्यासाठी दर तासाला ६० रुपये बाजूला काढायचे. ही रक्कम हिशेबात धरायला लोक टाळतात आणि सिलिंडरला तडा गेला की त्या महिन्याचं सगळं उत्पन्न त्यात जातं. हायड्रॉलिक तेल २०० लिटर, २,५०० तासांनी बदल, फिल्टरसकट तासाला २६.

सील किती टिकेल हे आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानावर फार अवलंबून आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देईल इतकं तापतं, आणि तेच पंपात सोडलं तर ५०० तासांचं सील निम्म्यावर येतं. इनलेटला २० ते २५ अंशांचं पाणी मिळालं पाहिजे. त्यासाठी चिलर, किंवा निदान सावलीतली, जमिनीखालची टाकी. तेलाचं तापमान ५० अंशांच्या आत ठेवायचं. सिलिंडरच्या वीप होलमधून (गळती दिसावी म्हणून ठेवलेल्या भोकातून) थेंब येतात का, कोणतं टोक जास्त गरम लागतं, दोन्ही बाजूंचे स्ट्रोक सारख्या वेळाचे आहेत का, या तीन गोष्टी रोज हाताने आणि कानाने कळतात. एका बाजूचा स्ट्रोक भरभर होत असेल तर त्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह किंवा सील गळतंय. तसंच चालवत राहिलं तर दाब ६०,००० वरून ५२,००० पीएसआयवर येतो आणि कापण्याचा वेग जवळजवळ पाव भागाने घसरतो. पडद्यावर कुठलाही अलार्म येत नाही. ऑपरेटर फक्त वेग कमी करून काम पुढे रेटतो.

पाण्याचा स्वतःचा खर्च नगण्य आहे. तासाला २२८ लिटर आणि कूलिंगची भर, गाळण्यासकट १२ रुपये पुरतात. खर्च आहे तो पाण्याच्या गुणाचा. इथल्या बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी कठीण असतं. ते थेट वापरलं तर ऑरिफिसवर क्षारांचा थर साचतो आणि हिराही लवकर बिघडतो. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, कठीणपणा जातो पण टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तेवढाच राहतो. टीडीएस फार असेल तर आरओ लागतो. आरओचं पाणी मात्र अगदी शुद्ध करून सोडू नये. फार कमी क्षारांचं पाणी धातूलाच खाऊ लागतं. त्यात थोडं सॉफ्ट पाणी मिसळून टीडीएस ५० ते १०० च्या दरम्यान ठेवणं आम्हाला योग्य वाटतं. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा प्रत्येक टँकरचं पाणी वेगळं असतं, त्यामुळे टीडीएस मीटर पंपाजवळच टांगलेला असावा.

गाळाचा खर्च कोणीच लिहीत नाही. तासाला २१ किलो गार्नेट टाकीत पडतं. २० मिमी जाड एसएस (स्टेनलेस स्टील) कापताना कर्फमधून पाऊण किलोच्या आसपास धातूही त्यात मिसळतो. ओल्या गाळाचं वजन २५ किलो धरा. दिवसाला ५ जेट-तास, महिन्याला २५ दिवस म्हणजे तीन टनांहून जास्त गाळ. ग्रॅनाइट किंवा काच कापलेला गाळ आणि निकेल-क्रोमियम असलेला गाळ एकच नव्हे. प्रयोगशाळेत तपासून घेऊन तो धोकादायक कचऱ्यात मोडतो का हे ठरवावं, आणि मोडत असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांप्रमाणे अधिकृत केंद्रातच पाठवावा. उपसणं, वाहतूक, विल्हेवाट मिळून किलोला ४ रुपये धरले तर तासाला १०० रुपये. नदीकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर ओतून ही रक्कम शून्य दाखवणारे शेड आहेत. तो गाळ पवना आणि इंद्रायणीच्या पात्रातच जातो. ही बचत हिशेबात धरू नये, इतकंच ठामपणे म्हणतो.

स्लॅटचे २० रुपये धरून बेरीज करा: ४६२, ४६०, १००, ५०, ४०, ६०, ६०, २६, १२, १००, २०. जेटच्या तासाला १,३९० रुपये. ऑपरेटर आणि मदतनीस मिळून शिफ्टला १,६०० रुपये, ५ जेट-तासांवर ३२० होतात. रिकाम्या पंपाचे ५६. एकूण १,७६६. जेट साडेतीन तासच चालला तर माणसांचा वाटाच ४५७ वर जातो. मशीनचा हप्ता आणि गाळ्याचं भाडं याच्या वर, आणि तेही असेच जेट-तासांवर वाटायचे.

एवढं करूनही तासाचा आकडा अर्धाच कामाचा असतो. ग्राहक तास विकत घेत नाही, कापलेली लांबी घेतो. २० मिमी एसएस ३०४ मध्यम दर्जाच्या कडेसाठी मिनिटाला ७० मिमी वेगाने कापली तर तासाला ४.२ मीटर, म्हणजे मीटरला ४२० रुपये. आता गार्नेट ३५० वरून २५० ग्रॅमवर आणा. गार्नेट आणि गाळ मिळून तासाला १६० रुपये वाचतात, खर्च १,६०६ वर येतो. वहीत बचत ठसठशीत दिसते. पण गार्नेट इतकं कमी केल्यावर त्याच कडेसाठी वेग साधारण १२ टक्क्यांनी उतरतो, तासाला ३.६८ मीटर होतात आणि मीटरचा खर्च ४३६ वर जातो. तास स्वस्त झाला आणि माल महागला. हप्ता आणि भाडं मिळून तासाला १,००० रुपये धरले तर हेच आकडे ६५९ आणि ७०८ होतात. म्हणजे मशीन जितकं महाग, तितकी गार्नेटची काटकसर अंगाशी येते. प्रत्येक नोझल-ऑरिफिस जोडीसाठी २५० पासून ४५० ग्रॅमपर्यंत ५० च्या टप्प्याने एकाच प्लेटवर चाचणी कट घ्या आणि मीटरचा खर्च कुठे सगळ्यात कमी येतो ते नोंदवा. अर्धा दिवस जातो, पण दर किंवा माल बदलेपर्यंत तो आकडा त्या जोडीला लागू पडतो.

कोटेशन देताना धातूही बघा. ॲल्युमिनियम त्याच जाडीच्या एसएसपेक्षा अडीचपट वेगाने कापतं. तासाचा खर्च तोच, मीटरचा ४२० वरून १७० च्या आसपास. हायलम (रेझिनची कडक शीट), रबर, गॅस्केट शीट यांचा हिशेब वेगळाच. मऊ रबर तर नुसत्या पाण्याने कापतं, तिथे गार्नेट आणि गाळ दोन्ही शून्य.

आणि पिअर्सिंग, म्हणजे कट सुरू करण्यासाठी धारेने आरपार भोक पाडणं, मोजायला विसरू नका. जाड एसएसमध्ये एक भोक पाडायला २० सेकंद लागत असतील तर ४० भोकांच्या फ्लँजमध्ये १३ मिनिटं धार चालू असते आणि एक मिलिमीटरही कट होत नाही. तासाला १,७६६ धरले तर त्या भोकांचेच सुमारे ३९० रुपये झाले. काच आणि चिकटवलेल्या थरांची शीट कमी दाबाने पिअर्स करावी लागते, नाहीतर कडा फुटतात किंवा थर सुटतात. तिथे वेळ आणखी जातो. कोपरे आणि लहान त्रिज्येचे वळसे यांवर कंट्रोलर स्वतःच वेग उतरवतो, त्यामुळे ड्रॉइंगमधली लांबी भागिले वेग हा हिशेब नेहमी कमी भरतो. प्रोग्रॅमने दिलेला अंदाजित वेळ आणि जेटच्या अवर मीटरवरचा प्रत्यक्ष वेळ प्रत्येक जॉब कार्डवर शेजारी शेजारी लिहा. ज्या प्रकारच्या पार्टमध्ये दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक सतत येतो, त्या प्रकाराचा दर मीटरवर न देता नगावर द्या.